थेंब किती वेगाने पडतो?

जमिनीपासून दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून सुटलेला पाण्याचा थेंब वाटेत हवा नसती तर सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरांहून अधिक वेगाने अंगणात येऊन आदळला असता. प्रत्यक्षात पाच मिलिमीटर व्यासाचा चांगला टपोरा थेंबही सेकंदाला ९ मीटरांच्या आसपासच पोहोचतो, आणि हा वेग गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरच्या वेगाहून फारसा जास्त नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने या दोन थेंबांच्या तडाख्यातला फरक बावीस पटींचा नसून जवळजवळ पावणेपाचशे पटींचा आहे. पावसात माणसे निर्धास्त चालू शकतात, भाताची कोवळी रोपे उभी राहतात आणि कौले शाबूत राहतात, याचे श्रेय पडणाऱ्या वस्तूच्या वेगाला हवेने घातलेल्या या मर्यादेकडे जाते. या मर्यादेला भौतिकशास्त्रात अंत्य वेग म्हणतात. शालेय पुस्तकातील गतीच्या समीकरणांत प्रारंभिक वेगाच्या जोडीने येणारा ‘अंतिम वेग’ ही निराळी राशी आहे आणि नावातील साधर्म्यामुळे दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. तो केवळ निवडलेल्या कालावधीच्या शेवटचा वेग असतो, तर अंत्य वेग म्हणजे ज्याच्यापुढे पडण्याचा वेग वाढूच शकत नाही असा वेग.

पडणाऱ्या थेंबावर मुख्यतः दोन बले कार्य करतात. त्यांपैकी वजन खाली ओढते आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच राहते. दुसरे बल हवेच्या अवरोधाचे, जे थेंब स्थिर असताना शून्य असते आणि वेगाबरोबर वाढत जाते. बाजूला सारलेल्या हवेचे प्लावक बलही वर ढकलते खरे, पण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असल्याने ते थेंबाच्या वजनाच्या हजारात जेमतेम सव्वा भाग भरते आणि येथे विचारात घेण्याचे कारण नाही. वेग वाढत गेला की अवरोध वाढतो, अवरोध वाढला की खाली ओढणारे शिल्लक बल घटते, त्यामुळे त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, मंदावतो आणि अखेर अवरोध वजनाइतका झाला की वेगाची वाढ थांबते. थांबते ती वाढ, पडणे नव्हे: एकूण बल शून्य झालेली वस्तू जागच्या जागी थबकत नाही, ती असलेल्या वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर गुरुत्वाकर्षण जे काही कार्य करते ते सगळे हवेत भोवरे उठवण्यात आणि पर्यायाने हवा किंचित तापवण्यात खर्ची पडते.

मोठ्या थेंबाच्या बाबतीत अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात का वाढतो, हे हवेचा हिशेब मांडला की उमगते. पाच मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे वजन सुमारे ६५ मिलिग्रॅम असते आणि सेकंदाला ९ मीटर खाली येताना तो आपल्या वाटेतली सुमारे २१० मिलिग्रॅम हवा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक हवा, दर सेकंदाला बाजूला सारत असतो. वेग दुप्पट झाला तर एका सेकंदात वाटेत येणारी हवा दुप्पट होते आणि त्या हवेला द्यावा लागणारा वेगही दुप्पट होतो, म्हणून अवरोध चौपट होतो. या हिशेबात थेंबाचा छेद, हवेची घनता आणि आकारानुसार बदलणारा अवरोध गुणांक अशा तीन गोष्टी येतात. दोन मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी गुणांक अर्ध्याच्या किंचित वर धरून गणित केले, तर अंत्य वेग सेकंदाला साडेसहा मीटरांच्या आसपास येतो आणि प्रयोगशाळेतील मोजणीही जवळजवळ तेवढेच सांगते.

अंत्य वेगाची कल्पना नवी नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथात, माध्यमाचा विरोध वेगाबरोबर वाढत जाऊन शेवटी पडणाऱ्या वस्तूची गती एकसमान होते, असे स्पष्ट मांडले होते. त्याच्या नावावर सांगितली जाते ती मात्र बहुधा ‘सर्व वस्तू सारख्याच वेगाने पडतात’ एवढीच अर्धी गोष्ट. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या उंचीवरून १७१० साली काचेचे गोळे सोडण्यात आले, त्यांतले काही पाऱ्याने भरलेले आणि काही नुसत्या हवेचे होते. २२० फुटांचे अंतर पाऱ्याच्या गोळ्यांनी सुमारे चार सेकंदांत कापले, तर पोकळ गोळ्यांना सुमारे आठ सेकंद लागले. न्यूटनने ही निरीक्षणे ‘प्रिन्सिपिया’च्या नंतरच्या आवृत्तीत अवरोधाच्या आपल्या सिद्धान्ताची कसोटी म्हणून वापरली. वस्तू आपल्या वजनाच्या प्रमाणात वेगाने पडते असे म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलला पाठ्यपुस्तके सहसा हास्यास्पद ठरवतात, परंतु पावसापुरते पाहिले तर मोठा थेंब लहान थेंबापेक्षा खरोखरच वेगाने पडतो. ॲरिस्टॉटल चुकला तो कारणात आणि प्रमाणात, कारण व्यास एकाचा दोन मिलिमीटर झाला की वजन आठपट होते, पण वेग मात्र जेमतेम दीडपटीच्या थोडा पुढे जातो.

थेंब फार लहान झाला की अवरोधाचा स्वभावच पालटतो. अशा सूक्ष्म थेंबाभोवतीची हवा भोवरे न करता, तेलासारखी थराथराने सरकते आणि तिला बाजूला सारण्यापेक्षा तिच्या चिकटपणावर, म्हणजे श्यानतेवर, मात करणे थेंबाला जड जाते. या स्थितीत अवरोध वेगाच्या वर्गाच्या नव्हे तर नुसत्या वेगाच्या प्रमाणात असतो, हा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने १८५१ साली मांडला. त्याचा परिणाम असा, की सूक्ष्म थेंबाचा व्यास दुप्पट केला तर त्याचा अंत्य वेग चौपट होतो, तर मोठ्या थेंबाच्या बाबतीत तोच बदल वेगाला जेमतेम चाळीस टक्क्यांनी वाढवतो. ढगातला नमुनेदार थेंब एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो आणि त्याचा अंत्य वेग सेकंदाला अवघा ३ मिलिमीटर भरतो. अगदी निवांत हवेतही त्याला एक किलोमीटर खाली यायला जवळजवळ चार दिवस लागतील आणि तो तेवढा काळ टिकणारही नाही, वाटेतच सुकून जाईल. ढग पडत का नाहीत, या प्रश्नाचे नेमके उत्तर ते पडतच असतात असे आहे. पण वर चढणारा हवेचा हलकासा प्रवाहदेखील त्यांच्या पडण्याहून कितीतरी पटींनी वेगवान असतो.

मग त्या ढगातून पाऊस कसा पडतो? एक मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घडायला असे दहा लाख ढगथेंब एकत्र यावे लागतात आणि नुसती वाफ साचत राहून तेवढी वाढ होण्यास जो काळ लागेल, तेवढे आयुष्य पावसाळी ढगाला नसते. येथे अंत्य वेगातील विषमता उपयोगी पडते. काही थेंब इतरांहून थोडे मोठे होऊन ०.०४ मिलिमीटरच्या आसपास पोहोचले, की ते सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने खाली येऊ लागतात आणि आपल्याहून सोळा पट हळू पडणाऱ्या लहानग्यांना वाटेत गाठून पोटात घेतात. पोटात घेतले की ते आणखी मोठे होतात, मोठे झाले की आणखी वेगाने पडतात आणि आणखी थेंब गोळा करतात. ढग निर्वात असता आणि प्रत्येक थेंब गॅलिलिओच्या नियमाने सारख्याच वेगाने पडला असता, तर थेंबाने थेंबाला कधी गाठलेच नसते आणि ही वाढ सुरूच झाली नसती. हवेचा अवरोध हा आदर्श नियमात घुसलेला दोष आहे, ‘अवरोध नगण्य मानून’ गणित करावे, अशी सवय विद्यार्थ्यांना लावली जाते. परंतु हिमकणांच्या मदतीवाचून पडणारा सगळा पाऊस या तथाकथित दोषातूनच निर्माण होतो.

अशा पावसाला हवामानशास्त्रज्ञ उष्ण पाऊस म्हणतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर दाटणारे ढग अनेकदा उथळ असतात, त्यांचा माथा पाणी गोठण्याच्या पातळीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तेथील पावसात या प्रक्रियेचा वाटा मोठा असतो आणि लहान थेंबांचे प्रमाण बरेच आढळते. भुरभुर, बुरंगट, रिमझिम, सर, वळीव या शब्दांनी मराठीने पावसाची जी प्रतवारी लावून ठेवली आहे ती बऱ्याच अंशी थेंबांच्या आकाराची आणि म्हणूनच त्यांच्या अंत्य वेगाचीही प्रतवारी आहे. अंगाला जाणवतो न जाणवतो असा, वाऱ्याबरोबर तिरपा वाहणारा बुरंगटाचा कण मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा असतो. अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला दोन मीटर पडतो, एक मिलिमीटरचा चार मीटर, तर मे महिन्याच्या अखेरीस तापलेल्या मातीवर टपटप उमटणारे वळवाचे थेंब नऊ मीटरांच्या घरात असतात.

थेंब मोजण्याची पहिली चांगली पद्धत स्वयंपाकघरातील होती. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात शेती करणारा आणि हिमकणांच्या छायाचित्रांसाठी पुढे प्रसिद्ध झालेला विल्सन बेंटली पसरट ताटात पीठ चाळून ते क्षणभर पावसात धरी. प्रत्येक थेंबाभोवती पिठाची गोळी बांधली जाई, ती वाळली की तो ती मोजत असे आणि ठाऊक असलेल्या आकाराचे थेंब पिठात पाडून गोळीचा व थेंबाचा मेळ तपासत असे. ही निरीक्षणे त्याने १९०४ साली प्रसिद्ध केली. परातीत कणीक घेऊन हा प्रयोग आजही कोणालाही करता येईल. पीठ मात्र बोटभर जाडीचे हवे, नाहीतर थेंब तळाला लागून फुटतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड त्याच सुमारास उलट बाजूने प्रश्नाला भिडला: थेंब पडू देण्याऐवजी त्याने खालून वर हवेचा झोत सोडला आणि थेंब झोतात अधांतरी तरंगला की झोताचा वेग तोच थेंबाचा अंत्य वेग मानला. आज प्रमाण मानले जाणारे आकडे १९४९ साली गन आणि किन्झर या अमेरिकी संशोधकांनी निश्चल हवेत दीड हजारांहून अधिक थेंब पाडून मिळवले. थेंबाला सूक्ष्म विद्युत्‌भार देऊन तो ठरावीक अंतरावरच्या कड्यांमधून गेल्याची वेळ ते इलेक्ट्रॉनिक साधनांनी टिपत असत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही लेनार्डच्या पद्धतीचा उभा वातबोगदा उभारून त्यात तरंगत्या थेंबांचा अभ्यास झाला आहे, आणि याच संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे. पावसाचे थेंब मोजणाऱ्या डिस्ड्रोमीटर या उपकरणाच्या एका प्रकारात थेंब एका लहान शंकूवर आपटतो आणि त्या टोल्याच्या जोरावरून त्याचा आकार काढला जातो. अर्थात प्रत्येक आकाराचा थेंब आपल्या ठरलेल्या अंत्य वेगानेच येऊन आदळला आहे, हे त्यात गृहीत असते. महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, हवा विरळ असल्याने तोच थेंब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के अधिक वेगाने पडतो आणि काटेकोर काम करणाऱ्याला तेवढीही दुरुस्ती करावी लागते.

चित्रांतला थेंब नेहमी मोदकासारखा, खाली गोल आणि वर टोकदार काढलेला असतो. असा थेंब आकाशातून कधीच पडत नाही. एक मिलिमीटरपर्यंतचा थेंब पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग शक्य तितका आक्रसून घेण्याच्या प्रवृत्तीमुळे, जवळजवळ गोल राहतो. त्याहून मोठा होत गेला की समोरून येणारी हवा त्याचा तळ दाबू लागते आणि तळ चपटा, माथा घुमटाकार असा लादीपावासारखा आकार त्याला येतो. थेंब जितका मोठा तितका तो अधिक पसरतो आणि पसरला की अधिक हवेला तोंड देतो, त्यामुळे वजन वाढून वेगात जी भर पडायची ती या पसरण्याने परत जाते. म्हणून व्यास ५ वरून ५.८ मिलिमीटर झाला तरी वेग ९.०९ वरून अवघा ९.१७ मीटरांवर जातो. याही पुढे गेल्यास तळ आत ढकलला जातो, थेंबाची उलटी पिशवी होऊन ती फुग्यासारखी ताणली जाते आणि फुटून तिचे अनेक लहान थेंब होतात. निसर्गात आठ मिलिमीटरांहून मोठे थेंब क्वचित नोंदले गेले आहेत, परंतु सामान्यतः सहा मिलिमीटरांच्या पलीकडे थेंबाचे आयुष्य फार थोडे असते. पावसाच्या वेगाला त्यामुळे दुहेरी लगाम बसतो: हवा वेग आवरते आणि वेग वाढवू पाहणारा मोठा थेंब स्वतःच फुटतो.

गारेला यातला दुसरा लगाम नसतो. ती घन असल्यामुळे हवेच्या दाबाने पसरत नाही की फुटत नाही, त्यामुळे तिचा व्यास वाढत गेला की वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतच राहतो आणि पाच सेंटिमीटरची गार सेकंदाला २५ ते ३० मीटर वेगाने, म्हणजे महामार्गावरील मोटारीच्या वेगाने, येऊन आदळते. वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात आणि वेगाचा वर्ग व्यासाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तडाख्याची ऊर्जा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. एका सेंटिमीटरच्या गारेपेक्षा पाच सेंटिमीटरची गार सव्वासहाशे पट ऊर्जेने आपटते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीत मराठवाडा आणि विदर्भातील गहू, हरभरा आणि फळबागा झोडपल्या गेल्या, तेव्हा गार ‘बोराएवढी’ होती की ‘लिंबाएवढी’ हा गावोगाव विचारला गेलेला प्रश्न अतिशयोक्तीच्या हौसेतून आला नव्हता; चौथ्या घाताच्या हिशेबात बोर आणि लिंबू यांच्यातील फरक हा पीक वाचणे आणि न वाचणे यांच्यातला फरक ठरतो.

खळ्यावरील उफणणीलाही हाच नियम लागू पडतो. वावडीवर उभा राहून शेतकरी सुपातून मळणीचा माल वाऱ्यात सोडतो तेव्हा दाणा आणि भुसा यांना गुरुत्वाकर्षण सारखेच ओढत असते, परंतु भुशाचा अंत्य वेग दाण्याच्या मानाने फारच कमी असल्याने तो हवेत अधिक काळ रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात वारा त्याला लांब वाहून नेतो; दाणा मात्र जवळजवळ पायाशीच रास करतो. दोघांची विभागणी वजनाने झाली असे वाटते, पण ती वजन आणि पसारा यांच्या गुणोत्तराने झालेली असते. मुंगी छतावरून पडून काही न झाल्यासारखी चालू लागते त्याचे कारण हेच गुणोत्तर, आणि जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या आकारमानावरील १९२६ सालच्या निबंधात याच आधारे उंदीर आणि घोडा यांच्या पडण्यातील फरक समजावला होता. विमानातून हातपाय पसरून उडी घेतलेल्या माणसाचा अंत्य वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्या जवळपास असतो. पॅराशूट उघडले की वजन तेच राहून पसारा तेवढा वाढतो.

थेंबाला आपला अंत्य वेग गाठण्यासाठी ढगाइतक्या उंचीची गरज नसते, ही गोष्ट मातीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सेकंदाला नऊ मीटर ही मर्यादा असलेला मोठा थेंब शून्यापासून निघून साडेनऊ-दहा मीटरांत तिच्या पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तीन मीटर उंचीच्या वळचणीवरून सुटलेल्या पागोळीच्या थेंबालाही सत्तर टक्क्यांच्या आसपास वेग मिळालेला असतो, म्हणूनच कौलारू घराच्या अंगणात प्रत्येक पन्हळीच्या बरोबर खाली खळग्यांची एक सरळ ओळ दर पावसाळ्यात उमटते आणि तेथे फरशीचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवण्याचा रिवाज आहे. सागाच्या बनातही असेच घडते. झाड डोक्यावर आहे म्हणजे मातीला आसरा मिळाला, असा समज असतो. पण सागाचे रुंद पान अनेक बारीक थेंब गोळा करून त्यांचा एक मोठा थेंब टोकावरून सोडते आणि पान दहा मीटरांहून उंच असेल तर तो थेंब जमिनीशी पोहोचेतो जवळजवळ पूर्ण वेगात असतो. रिमझिम पडणारा पाऊस अशा रीतीने बनाखाली वळवाच्या थेंबांनी पडू लागतो आणि खाली झुडपे नसतील, पालापाचोळा वणव्यात जळून गेलेला असेल किंवा झाडून नेलेला असेल, तर उघड्या माळापेक्षाही तेथील माती अधिक उडते. बनातल्या जमिनीवर एखादा खडा असेल तर त्याच्या आडोशाची माती तेवढी शिल्लक राहते, आजूबाजूची निघून जाते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस असे कितीतरी खडे मातीच्या बोटभर उंच खांबांवर उभे असलेले दिसतात.